नणंदेचा दंड

त्या घरात खोटं कुणी बोलत नसे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतील, काय लबाड माणसं! लबाड नव्हती हो. लबाडीला थोडी तरी अक्कल लागते. ही माणसं फक्त सगळं चांगलं दिसावं म्हणून झटणारी होती, आणि अशी माणसं लबाडांपेक्षा जास्त नासाडी करतात, असं काडीचं ठाम मत होतं.

काडी म्हणजे त्या घरची धाकटी लेक. अंगाने काडी आणि आग लावायच्या कामीही काडी, म्हणून आईनेच लहानपणी ठेवलेलं नाव. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं होतं. ती एका चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवायच्या आणि भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचून घ्यायची. गाडीचं लायसन हवं असलेले काही बहाद्दर सगळा तक्ता पाठ करून यायचे आणि घडाघडा म्हणून दाखवायचे. "अहो, पाठ केल्याने दिसायला लागत नाही," असं काडी त्यांच्या तोंडावर म्हणायची, आणि दुकानाचा मालक तिच्यावर डोळे वटारायचा.

घरात माणसं चार. आई, थोरला भाऊ म्हणजे दादा, दादाची बायको म्हणजे वहिनी, आणि ही काडी. पाचवं वहिनीच्या पोटात होतं.

वहिनीची ही दुसरी खेप. पहिल्या वेळी सातव्या महिन्यात तिचं बीपी चढलं, घाईघाईने दवाखान्यात नेलं आणि ती रिकाम्या हातांनी परत आली. त्यावर त्या घरात कुणी बोलत नसे. बाळासाठी विणलेला स्वेटर आईने कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला आणि विषय संपवला. आईचे सगळे विषय असेच वरच्या फळीवर जाऊन संपायचे.

म्हणून या वेळी हॉस्पिटलने आधीच सावध होऊन वहिनीला एक मशीन दिलं. पट्टा दंडाला गुंडाळायचा, बटण दाबायचं, आकडा यायचा आणि आला की आपोआप मोबाईलवरून थेट हॉस्पिटलात पोचायचा. आकडा चांगला असेल तर मोबाईलवर हिरवं फूल उमलायचं आणि खाली अक्षरं यायची, 'शाबास! असंच चालू ठेवा.' जरा वर गेला तर पिवळं, आणि फार वर गेला तर लाल. लाल आलं की सिस्टरचा फोन.

मशीन देताना सिस्टरने सगळं समजावून सांगितलं होतं. आधी लघवीला जाऊन या. चहा-कॉफी पिऊन लगेच बसू नका. पाठ टेकवून, पाय जमिनीवर सरळ ठेवून थोडा वेळ शांत बसा. पायावर पाय नको, मुठी आवळणं नको, बोलणं नको. दंड टेबलावर, छातीच्या उंचीला. "आणि एक लक्षात ठेवा," सिस्टर म्हणाली होती, "आकडा कसाही येऊ दे. आलाय तो जाऊ दे आमच्याकडे. बाकी आमचं काम."

एवढंच ऐकायचं होतं. पण आईने त्यातलं शेवटचं सोडून सगळं ऐकलं.

मशीन आईने ताब्यात घेतलं. मोबाईलही आईचाच, कारण वहिनीचा जुना, त्यात ते ॲप चालेना. पहिले काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी पिवळं आलं, संध्याकाळी लाल. सिस्टरचा फोन आला, सगळे धावतपळत हॉस्पिटलात गेले, बाकावर ताटकळले, डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि घरी पाठवलं. पुन्हा लाल, पुन्हा फोन, पुन्हा बाक. तिसऱ्या वेळी तर जिन्यात शेजारीण भेटली आणि म्हणाली, "काय हो, परत? सगळं ठीक ना?"

झालं! आईला ते जिव्हारी लागलं. बीपीपेक्षा शेजारणीचं ते 'परत' तिला जास्त टोचलं.

"हे मशीनच बिघडलेलं असणार," आई घरी येऊन म्हणाली. "बस गं काडी, तुझ्यावर लावून बघू."

काडी बसली. तिच्या दंडाला तो पट्टा दोन वेढे घेऊनही ढिला राहिला. वर एकशेदहा, खाली सत्तर. मोबाईलवर टपोरं हिरवं फूल उमललं आणि शाबासकी आली. आईने ते फूल पाहिलं आणि तिचा चेहरा असा खुलला, जसा लेकाचा दहावीचा निकाल बघूनही खुलला नव्हता.

"बघ," आई म्हणाली, "मशीन चांगलं आहे."

"मग वहिनीचं बीपी वाढलंय ना," काडी म्हणाली.

आईने ऐकलं नाही. ती फुलाकडे बघत होती.

त्यानंतर फोन आला नाही, बाक नाही, शेजारीण नाही. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "हिला आज मळमळतंय, पडू दे जरा. काडी, तूच बस." तिसऱ्या दिवशी वहिनी नुकतीच झोपली होती. चौथ्या दिवशी कारण सांगायची गरजच पडली नाही. सकाळी दुकानात जाण्याआधी एकदा आणि संध्याकाळी आल्यावर एकदा काडीने दंड पुढे करायचा आणि हॉस्पिटलने वहिनीच्या नावावर हिरवी फुलं मोजायची. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तो हा प्रकार. पखालीची तब्येत मात्र ठणठणीत होती.

तुम्ही म्हणाल, काडी एवढी तिखट, मग बसली कशाला? नाही म्हणून बघितलं ना तिने! मध्येच दोन दिवस ठाम नाही म्हणाली. तेव्हा आईने पट्टा स्वतःच्या दंडाला लावला, तर पिवळं आलं. दादाला बसवलं, तर त्याचंही पिवळं. त्या अख्ख्या घरात निरोगी दंड एकच होता आणि त्याचाच त्यांना आधार.

"आई, हे काय चाललंय? ताकाला जाऊन भांडं लपवतेयस तू. हॉस्पिटलने मशीन दिलं कशाला?"

"तुला कळत नाही," आई म्हणाली. "लाल दिसलं की ती घाबरते. घाबरली की बीपी वाढतं. वाढलं की परत लाल. हे चक्र कुणीतरी तोडायला नको? मागच्या वेळी दवाखान्यात नेली आणि काय झालं, आठवतंय ना? घरी होती तोवर पोटात लाथा मारत होतं. तिथे गेली आणि संपलं."

काडीला उत्तर होतं, पण आईच्या डोळ्यांत पाणी होतं. आई मनाने आत्ताही त्या दवाखान्यात रिकाम्या हातांनी उभी होती, हे काडीला दिसलं. म्हणून ती गप्प बसली, आणि त्याबद्दल तिला स्वतःचाही संतापच आला. डोळ्यांतलं पाणी हे काही कारण नव्हे. पाण्याने बीपी उतरत नाही.

मग ती दादाकडे गेली. दादा एका बिस्किटाच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात. नाव क्वालिटी, काम एकच. तपासणीला साहेब आले की पुढच्या रांगेत कुठले डबे मांडायचे, ते ठरवायचं. फुटकी बिस्किटं मागे, अख्खी पुढे. इतक्या वर्षांत एक तपासणी नापास झाली नव्हती, आणि याचा त्याला एवढा अभिमान, जणू बिस्किटं तोच भाजतो.

"अगं, रिपोर्ट चांगला चाललाय ना," दादा म्हणाला.

"रिपोर्ट माझा चांगला चाललाय, दादा. बायको तुझी आहे."

"गोळ्या घेतेय ती. गोळ्यांनी उतरलंच असणार. उगाच कशाला काड्या करतेस?"

"उतरलंय का बघ ना मग! लाव तिच्या दंडाला."

"आणि लाल आलं तर?" दादा म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. घ्या. म्हणजे मनातून याला ठाऊक होतं. असले नवरे देवाने कुठल्या मुहूर्तावर घडवले असतील कोण जाणे.

राहिली वहिनी. काडी रात्रीचं जेवण झाल्यावर तिच्याजवळ जाऊन बसली आणि सरळ म्हणाली, "वहिनी, तू तरी हट्ट धर. तुझं बीपी तुझ्याच दंडाचं जायला हवं."

वहिनी मऊ स्वभावाची. या घरात आल्यापासून तिने कधी दार आपटलं नव्हतं. ती काडीचा हात धरून म्हणाली, "मला माहितेय गं ते तुझं असतं. पण हिरवं आलं असं आई बाहेरून ओरडून सांगतात ना, की मला झोप लागते. ते लाल मला बघवत नाही. मागच्या वेळी त्या खोलीत भिंतीवर तसलाच लाल दिवा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने निमूट दंड पुढे केला. वहिनीच्या झोपेसाठी.

पण झोप काही वहिनीला टिकेना. तिचा चेहरा सुजायला लागला. बोटातली अंगठी निघेना, ती साबण लावून काढली. डोकं सारखं ठणकायला लागलं. आईने कपाळाला बाम चोळला आणि "दिवस भरत आले की होतं असं, आम्हालाही झालेलं," म्हणाली. आईला आयुष्यात सगळं होऊन गेलेलं होतं, त्यामुळे दुसऱ्याला काही नवीन व्हायची सोयच नव्हती.

मग एका सकाळी वहिनी काडीला म्हणाली, "तुझ्या दुकानात माझे डोळे तपासशील का गं? नंबर बदलला बहुतेक. दिव्याकडे बघितलं की बाजूला काजवे चमकतात."

चष्म्याच्या दुकानात एवढी वर्षं काढून काडीला एवढं नक्की कळत होतं की नंबर बदलला तर अक्षर पुसट दिसतं, काजवे दिसत नाहीत. मशीनसोबत आलेल्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, डोळ्यांपुढे चमकलं तर ताबडतोब कळवा.

"चल माझ्याबरोबर, आत्ता," ती म्हणाली.

"कुठे?"

"हॉस्पिटलात."

वहिनीने उशी पोटाशी धरली. "आकडे चांगले आहेत ना, काडी? मग नको ना. मला नाही जायचं तिथे."

आकडे चांगले आहेत ना! ज्या बाईला ठाऊक होतं की ते आकडे तिचे नव्हेत, तीच त्यांचा आधार घेत होती. भीती माणसाला इतकं मूर्ख करते.

काडीने दुकानातून हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"माझ्या वहिनीला डोळ्यांपुढे चमकतंय. डोकं दुखतंय, अंगावर सूज आहे."

"एक मिनिट हं, बघते." टकटक आवाज आला. "अहो, त्यांची रीडिंग्ज तर एकदम छान आहेत! गेले कित्येक दिवस जवळजवळ सगळी हिरवी."

"ती माझी आहेत."

"कोणाची?"

"माझी. नणंदेची. दंड माझा आहे, नाव तिचं आहे."

पुन्हा टकटक. "पण सिस्टिममध्ये तर त्यांच्या नावावर दिसतायत," मुलगी म्हणाली. "तुमचा नंबर इथे नोंदलेला नाहीये, मॅडम. मी नोंदलेल्या नंबरवर फोन करून विचारून घेते हं."

नोंदलेला नंबर कुणाचा? आईचा! त्या शहाणीने आईला फोन केला. आईने साखर पेरलेल्या आवाजात सांगितलं की सगळं उत्तम आहे, सूनबाई आत्ताच जेवून झोपली आहे, आणि मुलीचं डोकं जरा भडक आहे, मनावर घेऊ नका. मुलीने 'धन्यवाद' म्हणून फोन ठेवला. सिस्टिमला समाधान वाटलं.

आईने मग काडीला दुकानात फोन करून जे ऐकवलं, ते मालकालाही ऐकू गेलं. काडी काउंटरपाशी तशीच उभी राहिली. समोर एक गिऱ्हाईक तक्ता पाठ करून आलं होतं आणि एक डोळा झाकायच्या आधीच तिसरी ओळ म्हणत होतं. काडी त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

माणसाचं ऐकत नाहीत ना? मशीनचं ऐकतात ना? ठीक आहे. मग मशीनच बोलेल.

तिने मोबाईलवर त्या सूचनांच्या कागदाचा फोटो काढून ठेवलेला होता. तो उघडला आणि एकेक ओळ उलटी वाचली. कॉफी पिऊ नका. तिने दोन कडक कॉफ्या मारल्या. लघवीला जाऊन या. ती दुपारपासून गेली नाही. शांत बसा. इमारतीची लिफ्ट चालू असताना ती जिन्याने धावत वर गेली, खाली उतरली आणि पुन्हा धावत वर गेली. दुसऱ्या मजल्यावर शेजारीण होती. "काय गं, काय झालं?" "काही नाही काकू, तब्येत सुधारतेय," काडी धापा टाकत म्हणाली.

घरात शिरली तेव्हा टेबलावर मशीन मांडलेलंच होतं. आतल्या खोलीत दिवा बंद करून वहिनी डोळ्यांवर ओला रुमाल टाकून पडली होती. दादा कामावरून येऊन मोजे काढत होता.

"बस," आई घुश्शातच म्हणाली. "दुपारचा तमाशा पुरे झाला. नाक कापलंस माझं."

काडी बसली. आईने पट्टा गुंडाळला. काडीने एक पाय दुसऱ्यावर चढवला, दंड टेबलावर ठेवायच्या ऐवजी खुर्चीच्या बाजूला खाली लोंबता सोडला आणि मूठ करकचून आवळली. आईचं लक्ष मोबाईलवर, फुलाची वाट बघत. तिने बटण दाबलं. पट्टा फुगायला लागला.

"आई, खरं सांग. तुला नातवंड हवंय की फूल हवंय?"

"गप्प बस. मोजतंय."

"मोजू दे की! मी नाही गप्प बसणार. ती आत आंधळी व्हायच्या बेतात आहे आणि तू माझा दंड मोजतेयस! मागच्या वेळी दवाखान्याने नाही मारलं बाळाला. उशिरा नेलं आपण. 'जरा वाट बघू' कोण म्हणालं होतं? तू म्हणालीस! आणि हा दादा तेव्हाही मोजेच काढत बसला होता!"

हे त्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं. वरच्या फळीवरचं एकदम खाली आलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला, दादाच्या हातातला मोजा हातातच राहिला, आणि काडीचे कान तापले, कानशिलं उडायला लागली. मशीन किरकिरलं. वर एकशे सत्तर, खाली एकशे दहा. मोबाईलवर लालभडक.

"पुस!" आई ओरडली. "पुस ते!"

"पुसता येत नाही," दादा म्हणाला. पहिल्यांदाच त्याने काहीतरी बरोबर सांगितलं होतं.

आणि फोन वाजला. आईने घाबरून भलतंच बटण दाबलं आणि सिस्टरचा आवाज सगळ्या घरात घुमला. "रीडिंग फार वर आलंय. ताबडतोब पेशंटला घेऊन या. डोकं दुखतंय का? डोळ्यांपुढे चमकतंय का?"

आईने तोंड उघडलं. तिला म्हणायचं होतं की अहो, हे सुनेचं नव्हे, माझ्या मुलीचं आहे. एवढं म्हटलं की संपलं होतं, जायची गरज नव्हती. पण हे सुनेचं नव्हे म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग आधीची कुणाची? ती सगळी हिरवी फुलं, सगळ्या शाबासक्या कुणाच्या? काडी हाताची घडी घालून समोर बसली होती आणि आईकडे बघत होती. सांग ना, असं तिचे डोळे म्हणत होते. सांग, बघू तुझी हिंमत.

"ते... मशीन जरा..." आई पुटपुटली.

"मशीन बिघडलं असेल तर मशीनही घेऊन या. आधी पेशंटला आणा. निघताय ना?"

आईने पर्स उचलली. "निघतो," ती म्हणाली. ज्या इभ्रतीपायी वहिनीला घरात दडवून ठेवलं होतं, त्याच इभ्रतीने तिला घराबाहेर काढलं. काडीला हसू येणार होतं, पण वेळ नव्हता.

हॉस्पिटलात काय व्हावं? एक तरुण डॉक्टर संगणकासमोर बसला होता. त्याचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. त्याने वहिनीकडे नजर टाकायच्या आधी पडद्याकडे टाकली.

"हं. कित्येक दिवस जवळजवळ सगळं नॉर्मल, आज एकच रीडिंग खराब," तो म्हणाला. "मोजण्यात चूक झाली असेल. बाकावर बसा, नंबर आला की बघतो. पुढे बरेच पेशंट आहेत."

आईने सुटकेचा निःश्वास टाकला. काडीने तो ऐकला. आणि वहिनी भिंतीला धरून बाकावर बसली, तिचा हात बाकाची कड शोधताना चुकला, तेही काडीने पाहिलं.

"डॉक्टर," काडी मोठ्याने म्हणाली, "ते आकडे हिचे नाहीत. माझे आहेत."

"काडी!" आई म्हणाली.

"कुठले आकडे?" डॉक्टरने चष्मा वर सारला.

"सगळे. हिरवे माझे आणि आजचा लालही माझाच. तो मी जिने चढून आणि भांडून काढलाय, तुम्ही बोलवावं म्हणून."

बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. डॉक्टरने पडद्याकडे पाहिलं, काडीच्या काटकुळ्या दंडाकडे पाहिलं आणि मग, पहिल्यांदा, वहिनीच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे.

"मग यांचं शेवटचं बीपी कधी मोजलंय?"

दादा छताकडे बघत होता, आई पर्सच्या चेनशी खेळत होती. बिस्किटं फुटून समोर पडली होती आणि मागे सारायला जागा उरली नव्हती.

तिथल्या तिथे बाकावरच वहिनीच्या दंडाला पट्टा लावला. डॉक्टरने आकडा मोठ्याने वाचला नाही. त्याने फक्त हाक मारली, आणि कुठून कुठून माणसं धावत आली. चाकांची खाट आली. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन, ते लावायची घाई, सही कुणाची म्हणून ओरडा. दादाने सही केली. त्याच रात्री ऑपरेशन करून मुलगी काढली. ओंजळीत मावेल एवढी, पण रडली. काचेच्या पेटीत ठेवली. वहिनी बरेच दिवस शुद्धीच्या काठावर होती, मग हळूहळू अलीकडे आली.

आणि आई? पाहुणे भेटायला आले की आई कॉरिडॉरमध्ये उभी राहून सांगायची, "अहो, यंत्राने वाचवलं! आम्ही दोन्ही वेळा न चुकता मोजत होतो ना. एक दिवस खाडा केला नाही." ऐकणारे माना डोलवायचे. काडी शेजारी उभी राहून भिंतीचा रंग बघायची. गेंड्याला निदान कातडी जाड आहे हे ठाऊक तरी असेल.

पुढे मायलेकी घरी आल्या. निघताना सिस्टरने तीच मशीनची पिशवी परत पुढे केली. बाळंतपण झालं म्हणून बीपी गेलं असं नसतं, अजून काही आठवडे मोजायचं, असं तिने बजावलं. आईने सवयीने हात पुढे केला. पण वहिनीने पिशवी आधी घेतली आणि मांडीवर ठेवली. मोबाईलही तिने दादाला नवा आणायला लावला होता, तिच्या स्वतःच्या नावाचा, आणि हॉस्पिटलात नंबरही तोच नोंदवला होता. दादाने तो मुकाट्याने आणला. तेवढं त्याला जमत होतं.

पहिल्या संध्याकाळी वहिनी टेबलापाशी बसली. पाठ टेकवून, पाय सरळ, दंड छातीच्या उंचीला. पट्टा तिने स्वतःच गुंडाळला, हळूहळू, एका हाताने. काडीच्या मांडीवर बाळ होतं, कपाटाच्या वरच्या फळीवरून काढलेल्या स्वेटरमध्ये बुडून गेलेलं. आई मागे उभी. पट्टा फुगला, उतरला.

लाल.

"परत घे गं," आई चटकन म्हणाली. "आत्ताच पाजून उठलीस, म्हणून आलं असेल." आणि म्हणता म्हणता तिची नजर काडीच्या दंडाकडे गेली. जित्याची खोड! काडीने बाही मनगटापर्यंत खाली ओढली.

वहिनीचा चेहरा उतरला होता. ती त्या लाल रंगाकडे बघत होती, आणि ती घाबरली आहे हे सगळ्यांना दिसत होतं. पण तिने नजर वळवली नाही.

"नको, आई," ती म्हणाली. "आलाय तो जाऊ दे."

फोन वाजला. आईचा हात टेबलाकडे गेला. वहिनीने तो हात तसाच राहू दिला, फोन उचलला आणि कानाला लावला.

"हो, सिस्टर," ती म्हणाली. "माझंच आहे."